गोळी सुटल्यानंतरचा थकवा



दारूचे व्यसन लपत नाही. तोंडाला वास येतो, पाय अडखळतात, शेजारी कुजबुजतात. पण एक व्यसन असे आहे की त्याचे सुरुवातीला घरात कौतुकच होते. मुलगा पहाटे तीनपर्यंत पुस्तकापुढे बसतो. सून नोकरी, स्वयंपाक, मुलांचा अभ्यास सगळे सांभाळून दमत नाही. रात्रपाळी करून आलेला माणूस दिवसाही दुकान चालवतो. या ताकदीचे रहस्य खिशातल्या एका छोट्या पाकिटात असते. गोळी मेडिकलमधूनच आलेली असते आणि कदाचित पहिल्यांदा डॉक्टरांनीच लिहून दिलेली असते. त्यामुळे त्यात काही वावगे आहे असे कोणालाच वाटत नाही.

पुढे एक दिवस तो माणूस शहाणपणाने गोळी बंद करतो. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते, आणि नेमक्या त्याच वेळी घरचे म्हणू लागतात, "काय झाले याला? किती आळशी झाला आहे!" आजचा हा लेख त्या दिवसांविषयी आहे. ज्यांनी गोळी सोडली आहे त्यांच्यासाठी तो आहे, आणि त्यांच्यासोबत एका छताखाली राहणाऱ्यांसाठी थोडा अधिक आहे.

या गोळ्या कोणत्या?

मेंदूला उत्तेजन देणारी, झोप आणि थकवा दूर सारणारी ही औषधे आहेत. त्यांतील सर्वांत जुने नाव ॲम्फेटामिन. ते १८८७ साली प्रयोगशाळेत प्रथम तयार झाले. त्याच कुळातील मेथॲम्फेटामिन जपानमध्ये १९४१ पासून 'फिलोपॉन' या नावाने दुकानांत विकले जात होते. युद्ध संपल्यावर तेथे त्याचे व्यसन इतके पसरले की १९५१ साली जपान सरकारला खास कायदा करावा लागला. मेथिलफेनिडेट हे औषध १९४४ साली स्वित्झर्लंडमध्ये तयार झाले. मुलांमधील अतिचंचलता आणि लक्ष न लागण्याचा आजार, ज्याला एडीएचडी म्हणतात, त्यावर आपल्याकडे ते दिले जाते. भारतात १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली त्याच्यावर नियंत्रण आहे. मोडाफिनिल हे आणखी एक औषध. दिवसा अनावर झोप येण्याच्या आजारावर ते आहे, परंतु रात्र जागवण्यासाठी विद्यार्थी आणि कामगारही ते घेतात.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ज्या मुलाला किंवा मोठ्या माणसाला डॉक्टरांनी तपासून हे औषध दिले आहे आणि जो सांगितल्याप्रमाणेच ते घेतो, तो व्यसनी नाही. हा लेख वाचून कोणीही आपल्या मनाने मुलाचे औषध बंद करू नये. शंका असेल तर डॉक्टरांनाच विचारावे. आपण बोलत आहोत ते चिठ्ठी संपल्यावरही गोळी घेत राहणाऱ्यांविषयी, एकाच्या दोन आणि दोनाच्या चार करणाऱ्यांविषयी, दुसऱ्याच्या नावावरची गोळी वापरणाऱ्यांविषयी, आणि आता ती सोडू पाहणाऱ्यांविषयी.

शरीरात काय घडते?

आपल्याकडील शेतकऱ्याला हे चटकन समजेल. जमिनीला वर्षानुवर्षे नुसता युरिया दिला, शेणखत दिले नाही, पालापाचोळा कुजू दिला नाही, तर पीक हिरवेगार दिसते, पण मातीचा स्वतःचा कस कमी होत जातो. मग एखाद्या वर्षी युरिया थांबवला की पीक पिवळे पडते. म्हणून कोणी असे म्हणत नाही की ही जमीनच आळशी आहे. तिला पुन्हा कसदार व्हायला वेळ लागणार, एवढेच आपण समजतो.

मेंदूचेही काहीसे असेच आहे. आपल्या मेंदूत डोपामिन नावाचे एक रसायन असते. एखादे काम करावेसे वाटणे, ते केल्यावर बरे वाटणे, लक्ष लागणे, उमेद राहणे या सगळ्यांत त्याचा वाटा आहे. ॲम्फेटामिन आणि मेथिलफेनिडेट ही औषधे मेंदूतील या रसायनाचा प्रभाव वाढवतात. मोठ्या प्रमाणात आणि दीर्घकाळ असे झाले की मेंदू त्या वाढीव प्रमाणाला सरावतो आणि स्वतःचा प्रतिसाद कमी करतो. मग गोळी बंद होताच बाहेरचा पुरवठा थांबतो आणि आतील व्यवस्था अजून मंद असते. या मधल्या काळात माणसाला अंथरुणातून उठणेही डोंगराएवढे वाटते.

त्यात आणखी एक भर पडते. गोळीने भूक आणि झोप यांना गप्प बसवले होते, नाहीसे केले नव्हते. महिनोन्‌महिने जी झोप झाली नाही, जे अन्न पोटात गेले नाही, ते शरीर आता मागू लागते.

किती दिवस?

प्रत्येकाचे वेगळे असते. कोणती गोळी, किती मात्रा, किती वर्षे यावर ते अवलंबून आहे. तरी साधारण क्रम असा असतो. पहिले काही दिवस माणूस खूप झोपतो, खूप खातो, हालचाल मंद होते. पुढचा आठवडा-दोन आठवडे मन उदास राहते, चिडचिड होते, विचित्र आणि भीतिदायक स्वप्ने पडतात, आणि गोळीची तलफ येते. त्यानंतर बहुतेकांचा थकवा ओसरू लागतो, पण सरळ रेषेत नव्हे. चार दिवस बरे जातात आणि पाचव्या दिवशी पुन्हा सगळे काळोखे वाटते. कामात रस वाटणे, गाणे ऐकून आनंद होणे, या गोष्टी परत यायला काहींना कित्येक आठवडे, काहींना काही महिनेही लागतात.

पाचव्या दिवशीचा तो काळोख फार धोक्याचा असतो, कारण माणसाला वाटते की आपली सगळी मेहनत फुकट गेली. ती फुकट गेलेली नसते.

एका गणितज्ञाचा महिना

पॉल एर्डिश हे विसाव्या शतकातील एक थोर हंगेरियन गणितज्ञ. १९१३ साली त्यांचा जन्म झाला आणि १९९६ साली ते वारले. १९७१ मध्ये आई गेल्यानंतर ते ॲम्फेटामिन आणि रिटालिन, म्हणजे मेथिलफेनिडेट, घेऊ लागले. १९७९ साली त्यांचे मित्र रॉन ग्रॅहम यांनी काळजीपोटी पाचशे डॉलरची पैज लावली की महिनाभर या गोळ्या सोडून दाखवा. एर्डिश यांनी पैज जिंकली. पण जिंकल्यावर ते म्हणाले की हा महिना आपण कोऱ्या कागदाकडे पाहत बसलो, गणिताचे एका महिन्याचे नुकसान झाले. आणि त्यांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या.

ही गोष्ट अनेकदा गंमत म्हणून सांगितली जाते. मला तिच्यात एक विचार करण्याजोगी चूक दिसते. आठ वर्षे घेतलेल्या औषधाचा निवाडा त्यांनी सोडल्यानंतरच्या पहिल्याच महिन्यावरून केला. म्हणजे पायाचे प्लास्टर काढल्यावर पहिल्या आठवड्यात धावता आले नाही, म्हणून आपला पायच गेला असे ठरवण्यासारखे झाले. तर्कशास्त्रात सांगतात की निष्कर्ष काढण्यापूर्वी पुरावा पुरेसा आहे का ते पाहावे. पहिल्या महिन्याचा थकवा हा "गोळीशिवाय मी असाच असतो" याचा पुरावा नाही. "गोळीने माझ्याकडून किती उसने घेतले होते" याचा तो हिशेब आहे.

सोडणाऱ्या प्रत्येकाने ही एक गोष्ट मनात पक्की धरावी. पहिल्या महिन्यात स्वतःविषयी कोणताही कायमचा निर्णय घेऊ नये. नोकरी सोडणे, कॉलेज सोडणे, लग्न मोडणे, "मी निकामी आहे" असे ठरवणे, हे सगळे पुढे ढकलावे.

आळस की थकवा?

आपल्या परंपरेत आळसाला सात मुख्य पापांत धरले आहे. चौथ्या शतकातील वाळवंटातील तपस्वी एव्हाग्रियस याने त्याचे बारकाईने वर्णन केले. पण त्याचा 'अकेदिया' हा शब्द नुसत्या झोपाळूपणासाठी नाही. चांगल्या गोष्टीचाच कंटाळा येणे, तिच्याकडे पाठ फिरवणे, हा त्याचा अर्थ. जो माणूस व्यसन सोडून चांगल्याकडे तोंड करून उभा आहे, पण ज्याचे पाय चालत नाहीत, त्याला आळशी म्हणणे अन्यायाचे आहे. त्याची इच्छा उभी आहे, शरीर आडवे झाले आहे.

बायबलमध्ये राजांच्या पहिल्या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय या दृष्टीने घरी पुन्हा वाचावा. एलिया संदेष्ट्याने कार्मेल डोंगरावर मोठा विजय मिळवला होता. त्यानंतर राणी ईजबेलच्या धमकीने तो रानात पळाला, एका झुडपाखाली बसला आणि देवाकडे मरण मागून झोपी गेला. देवाच्या दूताने येऊन त्याला काय केले? उपदेश केला नाही, रागावला नाही. त्याला स्पर्श केला आणि खायला सांगितले. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे होते. एलिया जेवला आणि पुन्हा झोपला. दूताने त्यालाही हरकत घेतली नाही. दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खाऊ घातले, कारण पुढचा प्रवास लांबचा होता. मग त्या बळावर तो चाळीस दिवस चालला.

झोप, भाकर, पाणी, पुन्हा झोप, पुन्हा भाकर. उपचाराचा हा क्रम आजचा डॉक्टरही चुकीचा म्हणणार नाही.

संत थॉमस यांचे पाच उपाय

तेराव्या शतकातील संत थॉमस अक्विनस यांनी आपल्या 'सुम्मा' या मोठ्या ग्रंथात मनाच्या खिन्नतेवर पाच उपाय सांगितले आहेत. तत्त्वज्ञान शिकताना विद्यार्थ्यांना ते वाचून आश्चर्य वाटते, कारण ते फार साधे आहेत. गोळी सोडलेल्या माणसाच्या दिवसक्रमात ते असे बसवता येतील.

पहिला उपाय, झोप आणि स्नान. संतांनी हे शेवटी सांगितले आहे, आपण ते आधी घेऊ. पहिले आठ-दहा दिवस पोटभर झोपू द्यावे. त्यानंतर मात्र उठण्याची वेळ रोज एकच ठेवावी. सकाळी उन्हात थोडे बसावे. आपल्याकडे मे महिन्यात ऊन आठलाच तापते, तेव्हा सहा-साडेसहाला बाहेर पडावे. रोज आंघोळ करावी, नको वाटली तरी. दुपारनंतर चहा-कॉफी टाळावी. गोळीची जागा दहा कप चहाने किंवा डब्यातल्या ताकदीच्या पेयाने भरून काढली, तर झोप पुन्हा बिघडते आणि तलफ वाढते. मावा, गुटखा, मिश्री यांचेही तसेच.

दुसरा उपाय, आनंद. साधा, निरुपद्रवी आनंद. सुरुवातीला काहीच गोड लागणार नाही हे गृहीत धरून चालावे. तरीही आवडीचे जेवण, जुने गाणे, संध्याकाळचा फेरफटका ठरवून ठेवावा. जेवण वेळेवर घ्यावे. दूध, केळी, अंडे, वरण, कळण्याची भाकरी, हे आपल्या घरात असतेच. हलका व्यायाम, अगदी दहा मिनिटांचे चालणेसुद्धा, मनाला उभारी देते.

तिसरा उपाय, अश्रू. संत थॉमस म्हणतात की दुःख आत कोंडले तर वाढते. आपल्याकडे पुरुषाने रडणे कमीपणाचे मानतात. गोळी सोडलेल्या माणसाला काही दिवस कारण नसताना रडू येऊ शकते. येऊ द्यावे.

चौथा उपाय, मित्रांची सहानुभूती. ओझे दुसऱ्याने उचलू लागले की ते हलके वाटते. ज्या मित्रांसोबत किंवा ज्या मेडिकलमधून गोळी मिळत होती, तिकडचा रस्ता मात्र काही काळ बंद ठेवावा. शिल्लक पाकिटे घरातून काढून टाकावीत आणि हे काम एकट्याने करू नये, कोणालातरी सोबत घ्यावे.

पाचवा उपाय, सत्याचे चिंतन. याचा येथे अर्थ इतकाच की माणसाला आपल्या अवस्थेचे खरे कारण ठाऊक असावे. "मला वेड लागत नाही, माझा मेंदू भरून येत आहे" हे वाक्य कागदावर लिहून आरशाजवळ लावले तरी चालेल.

तलफ आली तर

तलफ लाटेसारखी असते. ती चढते, शिगेला पोहोचते आणि उतरते. बहुधा अर्ध्या तासाच्या आतच तिचा जोर कमी होतो. ॲलन मार्लट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने असे सुचवले की तिच्याशी झुंजू नये आणि तिला शरणही जाऊ नये, ती कशी चढते-उतरते ते पाहत राहावे. छातीत काय होते, हाताला काय होते, श्वास कसा चालला आहे, याकडे लक्ष द्यावे. तोवर एक ग्लास पाणी प्यावे, खोलीतून बाहेर पडावे, कोणाला तरी फोन करावा. जो प्रार्थना करतो त्याने त्या वेळी जपमाळेची पाच दशके सावकाश म्हणावीत. तेवढ्यात लाट बरीच खाली आलेली असते.

व्यसनमुक्तीच्या गटांत तलफेपूर्वीच्या चार अवस्था सांगतात : भूक, राग, एकटेपणा आणि थकवा. तलफ आली की आधी स्वतःला विचारावे, यांपैकी काय आहे? अनेकदा उत्तर दोन पोळ्या किंवा तासाभराची झोप एवढेच असते.

आणि एखादे दिवशी गोळी घेतलीच गेली तर? सगळे संपले असे समजू नये. त्याच दिवशी कोणाला तरी सांगावे आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा सुरू करावे. लपवलेली एक गोळी दुसरीला बोलावते.

डॉक्टरांची गरज केव्हा?

शक्यतो सुरुवातीपासूनच. गोळी एकदम थांबवावी की हळूहळू कमी करावी, हे डॉक्टर ठरवतील. या थकव्यावर खास असे कोणतेही मान्यताप्राप्त औषध नाही. म्हणून ताकदीचे इंजेक्शन देतो म्हणणाऱ्यांच्या मागे लागू नये.

दोन गोष्टी विशेष सांभाळाव्यात. काही जण दिवसा जागण्याची गोळी आणि रात्री झोपेची गोळी, किंवा दारू, अशी दोन्ही घेतात. झोपेच्या काही गोळ्या आणि दारू दीर्घकाळ घेऊन एकाएकी बंद केल्या तर फिट येऊ शकते, जीवही धोक्यात येतो. त्या आपल्या मनाने कधीही थांबवू नयेत.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. गोळी सोडल्यानंतरची उदासी कधीकधी इतकी खोल जाते की माणूस मरणाचा विचार करू लागतो. तो तसे बोलला, निरवानिरवीची भाषा करू लागला, किंवा त्याला भास होऊ लागले, कोणीतरी पाठलाग करते आहे असे वाटू लागले, तर थांबू नये. त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे किंवा सरकारी रुग्णालयात न्यावे. 'टेली मानस' ही सरकारची मोफत दूरध्वनी सेवा २०२२ पासून सुरू आहे, क्रमांक १४४१६. तेथे मराठीत बोलता येते. व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय मदत क्रमांक १४४४६ आहे. हे दोन्ही क्रमांक आजच घरातील कॅलेंडरवर लिहून ठेवावेत.

आपल्या महाराष्ट्रात या कामाची मोठी परंपरा आहे. फादर जो परेरा यांनी १९८१ साली मुंबईत वांद्र्याला 'कृपा फाउंडेशन' सुरू केले आणि बारा पायऱ्यांच्या पद्धतीला अय्यंगार योगाची जोड दिली. २००९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पुण्याचे 'मुक्तांगण' डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने उभे केले. गर्दच्या विळख्यात सापडलेली मुले पाहून ते काम सुरू झाले. दोन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आहे. तेथे माणसाला गुन्हेगार मानत नाहीत, आणि जे स्वतः सावरले आहेत ते नव्याने आलेल्यांना हात देतात.

घरच्यांसाठी

आईवडिलांनो, पतिपत्नींनो, आपल्याला एक कठीण गोष्ट मागायची आहे. गोळी घेत असताना जो चुणचुणीत होता तो गोळी सोडल्यावर मंद दिसणार. त्याचे गुण कमी होतील, पगारातून रजा कापली जाईल, भांडी तशीच पडून राहतील. अशा वेळी "त्यापेक्षा पूर्वी बरा होतास" हे वाक्य कृपा करून तोंडातून निघू देऊ नका. तो पूर्वी बरा नव्हता, फक्त जागा होता. त्या एका वाक्याने माणूस पुन्हा मेडिकलच्या पायरीवर जाऊन उभा राहू शकतो.

आणि आपण सर्वांनी मिळून एक प्रश्न स्वतःला विचारला पाहिजे. आपल्या मुलाला किंवा सुनेला गोळीची गरज का भासली? स्पर्धा परीक्षेच्या वर्षात आपण त्याच्याकडून सोळा तासांचा अभ्यास मागितला होता का? दिवसभराची नोकरी करून आलेल्या स्त्रीकडून घरातले सगळे काम मागितले होते का? देवाने निर्मितीचे काम केले आणि सातव्या दिवशी विसावा घेतला, असे आपण मानतो. मग माणसाच्या थकण्याची आपल्याला इतकी लाज का वाटावी?

ज्यांना बोलायचे असेल त्यांनी मिस्सेनंतर थांबावे किंवा निवासस्थानी यावे. नाव कोठेही जाणार नाही. तज्ज्ञ डॉक्टरांपर्यंत पोहोचायला सोबत हवी असेल तर तीही मिळेल.

कुटुंबात विचार करण्यासाठी प्रश्न

१. आपल्या घरात कोणी थकल्याचे सांगितले तर आपले पहिले वाक्य काय असते?

२. घरातील औषधांच्या डब्यात चिठ्ठी संपलेल्या कोणत्या गोळ्या अजून आहेत? त्या कोण घेते?

३. एलियाच्या उशाशी दूताने भाकर आणि पाणी ठेवले. या आठवड्यात मी कोणाच्या उशाशी काय ठेवू शकतो?